लाभ धरून चार डबे

शिक्षकांच्या या अंकात लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही, हे आधी सांगतो. इथे नोकरीत आयुष्य घातलेली माणसं लिहितात. माझी नोकरी दोन वर्षांची, तीही विद्या व्हॉलंटियरची. म्हणजे ज्या शाळेत कायम शिक्षक मिळत नाही तिथे जवळपासचा एखादा शिकलेला मुलगा मानधनावर बसवतात, तो मी. आता मी आदिलाबादला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "जे पाहिलंस ते लिही, मोठं काही लिहू नकोस." म्हणून धाडस करतो. चूकभूल वाचकांनी पोटात घालावी.

शाळा बेला मंडळातली (मंडळ म्हणजे आमच्याकडचा लहान तालुका), सातवीपर्यंतची, मराठी माध्यमाची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत माझी एक मोठी चूक आहे आणि तिच्यासाठी गावाचं नाव खराब व्हायला नको. सगळीकडे कापूस. पेनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र. हेडमास्तर नरसय्या सर निर्मलकडचे, तेलुगू माणूस. मराठी ते आमच्याकडे येऊनच शिकले होते आणि बोलताना सगळ्या जगाला स्त्रीलिंगी करून टाकत. "ती फळा पूस," "ती सूर्य आली," असं. मुलं हसत नसत, कारण सर स्वतःच आधी हसत.

मला सहावी-सातवीचं गणित मिळालं. सातवीच्या पुस्तकात शेवटी एक धडा होता, कोष्टक आणि आलेख. बहुतेक ठिकाणी तो परीक्षेच्या आधी दोन दिवसांत उरकतात. मला स्वतःला तो शाळेत असताना कळला नव्हता. त्यामुळे मी घाबरून दिवाळीआधीच सुरू केला.

ज्यांचा गणिताशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी सांगतो. दोन गोष्टी एकमेकींच्या जोडीने बदलतात. एक वाढली की दुसरी वाढते, किंवा कमी होते. त्यांचे आकडे समोरासमोर लिहायचे, हे कोष्टक. मग चौकटीच्या कागदावर एक रेघ आडवी, एक उभी. पहिला आकडा आडव्या रेघेवर मोजायचा, दुसरा तिथून वर चढत, आणि जिथे पोचू तिथे ठिपका. असे चार-पाच ठिपके दिले की ते आपोआप काहीतरी सांगू लागतात. एवढाच धंदा आहे.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर क्ष आणि य लिहिले. सुनंदा नावाची मुलगी पुढच्या रांगेत बसायची. प्रश्न विचारताना ती उभी राहायची नाही, फक्त मान वर करायची.

"सर, हा क्ष कोन व्हय?"

"आपल्याला अजून माहीत नसलेला आकडा."

"माईतच नाई तं नाव काऊन ठेवलं त्याचं?"

मी क्ष पुसला आणि सगळ्यांना बाहेर नेलं. शाळेच्या कुंपणाला पऱ्हाट्या रचल्या होत्या, कापसाची वाळलेली झाडं. त्यांच्या सारख्या लांबीच्या काड्या मोडायला लावल्या. चार काड्यांचं एक घर. त्याला लागून दुसरं घर, मग तिसरं. एक भिंत सामायिक असल्यामुळे पहिल्या घराला चार काड्या लागल्या तरी पुढच्या प्रत्येकाला तीनच. चार, सात, दहा, तेरा. कोष्टक झालं, ठिपके झाले, पट्टी लावली तर सगळे एका रेघेत.

"वीस घरांना किती लागतील?" मी विचारलं.

त्यांनी रेघ वाढवली, वहीचं पान पुरलं नाही म्हणून दुसरं पान डिंकाने जोडलं, आणि एकसष्ट म्हणाले. मग अंगणात वीस घरं मांडली आणि काड्या मोजल्या. एकसष्ट. मला वाटलं होतं टाळ्या वाजवतील. ती सगळी त्या लांब ओळीकडे बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. गोष्ट घडायच्या आधी कागदाला माहीत होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर घडताना कधी पाहिलं नव्हतं.

आता माझ्या चुकीकडे येतो.

शाळेत दुपारचं जेवण शिजवायला कौसाबाई आणि तिची जाऊ अशा दोघी होत्या. कौसाबाई आमच्याच समाजाची, बौद्ध. नवरा वारलेला. शाळेचा स्वयंपाक मिळाल्यापासून तिचं दुसऱ्याच्या शेतात जाणं सुटलं होतं आणि ती मुलांना वाढताना इस्त्रीचं लुगडं नेसून यायची. आमच्याकडची माणसं ज्वारीची. भाकरी डोळे मिटून थापतील, पण मोठ्या गंजात भात शिजवणं कोणाच्या सवयीचं नाही. म्हणून नरसय्या सरांनी तिला नियम घालून दिला होता. दहा मुलांना एक डबा तांदूळ, आणि एका डब्याला त्याच मापाचे दोन डबे पाणी.

पावसाळाभर भात चांगला झाला. कापूस वेचणी सुरू झाली तसा बिघडू लागला. काही दिवस बरा, काही दिवस दाताखाली कचकच. एके दिवशी तर निम्म्या मुलांनी ताटं तशीच धुतली. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष गणपतराव मला चावडीजवळ भेटले.

"मास्तर, पोट्ट्यायचे पोट दुखून राह्यले. बाईचा हातच तसा हाय."

"कधीकधी चांगलाही होतो भात," मी म्हणालो.

"म्हंजे मन लागलं तं करते, नाई तं नाई. तुमी अर्ज लिहा. तेलुगूत लिहा, म्हंजे मंडळात कोनी बाजूले नाई टाकनार. तुमच्यावानी अक्षर गावात हाय काय कोनाचं?"

माझ्या बापाला गणपतरावांनी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मला म्हणत होते. मी अर्ज लिहिला. स्वयंपाकीण बदलावी, भात कच्चा राहतो, मुलांच्या तब्येतीला धोका आहे. तेलुगूत शुद्ध लिहिला, खाडाखोड न करता. काही घरांना तिच्या हातचा भात शिजलेला असला तरी नको होता, हे मला माहीत होतं. ते कारण कोणी तोंडाने बोललं नाही आणि मी लिहिलं नाही. अर्जातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून मी स्वतःला समजावलं. भात मीही खाल्ला होता.

अर्ज मंडळाला गेला. मंडळाची कमिटी अमुक आठवड्यात येऊन पाहणी करेल, असं उत्तर आलं.

त्याच दिवसांत मी सातवीला घरचा अभ्यास दिला होता. शाळेत किंवा गावात जोडीने बदलणाऱ्या दोन गोष्टी शोधा, पाच दिवस मोजा, कोष्टक आणि आलेख करा. कोणी सावली मोजली, कोणी सायकलच्या चाकाला फडकं बांधून फेरे मोजले. सुनंदाने तांदूळ आणि पाणी घेतलं. मधल्या सुट्टीआधी ती तांदळाच्या खोलीच्या दारात उभी राहून डबे मोजायची.

तिची वही माझ्याकडे आली. तीन डबे तांदूळ, चार डबे पाणी. चाराला सहा. पाचाला आठ. नवाला सोळा. बाराला बावीस.

मी लाल पेन उचलून पानावर आडवी फुली मारली. खाली लिहिलं, 'पाणी दुप्पट असते. नीट मोज.'

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलाशी आली.

"सर, मी नीटच मोजलं."

"दुप्पट असायला पाहिजे, सुनंदा. तीनचे सहा."

"पायजे तं पायजे. पन हाय नाई न."

"तुझं लक्ष नसेल."

तिने मान वर केली. "सर, चुकलं असतं तं ठिपके इकडं तिकडं पळाले असते. हे पाह्यजा."

आणि तिने पान माझ्याकडे फिरवलं. पाचही ठिपके एका रेघेत होते. पट्टी लावून पाहिली, केसाएवढाही फरक नाही.

निष्काळजीपणाची चूक अशी ओळीत उभी राहत नाही. रोज तेवढीच, त्याच बाजूला, तीन डब्यांना आणि बारा डब्यांना सारखीच. हे कोणीतरी नियमाने करत होतं. मी पट्टी तशीच धरून रेघ खाली आणली. दुप्पट असती तर ती शून्यातून निघाली असती. ती निघाली आडव्या रेघेवरच्या एकातून. रेघेचं म्हणणं असं होतं की पहिल्या डब्याला पाणी शून्य.

मी आणि सुनंदा तांदळाच्या खोलीकडे गेलो. कौसाबाई आत पोत्याशी वाकलेली, तिची जाऊ बाहेर चुलीपाशी पाण्याच्या पिंपाजवळ. त्या दिवशी मुलं जेमतेम तीस. कौसाबाईने डबा भरला, वरून हाताने सपाट केला, टोपल्यात ओतला आणि हळूच म्हणाली, "लाभ."

मग दुसरा. "एक."

तिसरा. "दोन."

चौथा. "तीन." आणि बाहेर हाक मारली, "तीन झाले व!"

बाहेर जावेने मोजून सहा डबे पाणी गंजात ओतलं.

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हटलं की धान्य एकटं पडतं, सरतं, अशी समजूत. म्हणून म्हणायचं लाभ. माझ्या घरी लाभ हाच एक असायचा. लाभ, दोन, तीन, असं आई मोजायची. म्हणून इतके दिवस त्या खोलीवरून जाताना तो शब्द कानावर पडूनही मला काही वाटलं नव्हतं.

"मावशी, लाभ झाल्यावर दोन म्हणतात ना?"

"काऊन? लाभ झाल्यावर एक." ती माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघत होती. "आमच्या सासऱ्याच्या खळ्यावर असंच मोजत. लाभ तं लाभ हाय. तो मोजात नसते धरत."

"पण तांदूळ तर आत पडतात ना?"

"पडतेत न. मंग?"

मी चुलीतला कोळसा घेतला आणि खोलीच्या फरशीवर चौकटी ओढल्या. सुनंदाची पाच ठिपक्यांची रेघ काढली. शेजारी दुसरी, शून्यातून निघणारी, सरांच्या नियमाची. दोन रेघा शेवटपर्यंत एकमेकींपासून तेवढ्याच दूर, आगगाडीच्या रुळासारख्या. मी समजावत होतो आणि मला वाटत होतं, हिला काय कळणार, ही कधी शाळेत गेली नाही. कौसाबाई खाली बसली. बोट आडव्या रेघेवर ठेवून तीन चौकटी मोजल्या, मग चौथी. मग बोट वर सरकवत पहिल्या रेघेला भिडवलं, तिथून दुसऱ्या रेघेपर्यंत नेलं. मधल्या दोन चौकटींवर बोट ठेवून ती थांबली.

"एवढं पानी कमी पडून राह्यलं?"

"हो."

"लाभाचा डबा कोरडाच चालला म्हना की माहा." मग तिने बोट उजवीकडे नेलं, बारा डब्यांपाशी. "इथंबी दोनच कमी. पन बाविसात दोन कोनाले कळते? चारात दोन कळते. म्हनून पोट्टे वेचाले गेले की भात बिघडते!"

हे मी तिला सांगितलं नव्हतं. ते मलाही तोवर नीट दिसलं नव्हतं. महिनाभर सगळं गाव, मी धरून, तिच्या हाताला नाव ठेवत होतं. कधी बरा, कधी कच्चा, म्हणजे बाईचं मन लागत नाही, असं ठरवून बसलं होतं. आणि ज्या बाईला अक्षर लावता येत नव्हतं तिने बोटाने कोळशाची रेघ वाचून दाखवली.

"मग उद्यापासून लाभ झाल्यावर दोन म्हणा," मी म्हणालो.

"छ्या! लाभ नाई मोडत मी. लाभाले त्याचं पानी देऊ." आणि बाहेर ओरडली, "अवो, दोन डबे आनखी टाक! लाभाचे!"

त्या दिवशीचा भात मऊ झाला. नरसय्या सरांना सांगितलं तेव्हा ते आधी खूप हसले. मग गंभीर झाले.

"म्हणजे रोज एक डबा जास्त जात होती. मी उगाच उंदरांना शिव्या दिली."

"सर, अर्ज परत घेता येईल का?"

"कागद गेली की गेली, बाबू. परत नाही येत." त्यांनी चष्मा काढला. "पण कमिटी येईल ना. तू उभा राहा. तूच लिहिली, तूच सांग."

मी हो म्हणालो. एका मोठ्या चौकटीच्या कागदावर दोन्ही रेघा काढल्या, एक निळी, एक लाल. खाली तेलुगूत आणि मराठीत समजावून लिहिलं. कौसाबाईला मात्र अर्ज कोणी लिहिला ते सांगायचं धैर्य झालं नाही. ती मला रोज आधी वाढायची.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी शाळेला कायम गुरुजी बदलून आले. व्हॉलंटियरची गरज संपली. मी आणखी एक दिवस राहू शकलो असतो. कोणी हाकललं नव्हतं. पण गणपतरावांसमोर, मंडळाच्या साहेबांसमोर, आणि मुख्य म्हणजे कौसाबाईसमोर उभं राहून 'हा अर्ज माझ्या हातचा' असं म्हणायचं, ते मला नको होतं. कागद सरांच्या हातात देऊन मी सकाळच्या बसने निघून आलो. अनेक मुलांना मी शून्य काय आहे ते शिकवलं. त्या सकाळी मला स्वतःला कळलं.

आदिलाबादला हॉस्टेलात राहिलो, कॉलेज सुरू झालं. पुढे काय झालं ते कळलं नाही. गावात एक नाण्याचा फोन होता, पण तिथे फोन करून विचारायचं तर आधी माझं नाव सांगावं लागलं असतं. वर्गात आलेखावरचे मोठे धडे येत. वाकणाऱ्या रेघा, कधीच न टेकणाऱ्या रेघा. प्राध्यापक सांगत असताना मला कौसाबाईच दिसायची. तिचं काम राहिलं की गेलं? ती पुन्हा कोणाच्या शेतात वेचणीला जाते का?

परवा बसस्टँडवर नरसय्या सर दिसले. हातात पिशवी, निर्मलच्या बसची वाट बघत होते. मी पाया पडलो आणि काही विचारायच्या आत त्यांनीच सुरू केलं.

कमिटी आली होती. सरांनी मुद्दाम कमी हजेरीचा दिवस ठरवला होता. अठ्ठावीस मुलं. मंडळाच्या साहेबांनी माझा कागद हातात घेतला तो उलटा. सुनंदा उठली, तिने तो सुलटा करून दिला, आणि मग कोणी सांगितलं नसताना सगळं समजावलं. लाभ म्हणजे काय, कोरडा डबा कोणता, ठिपके ओळीत का आहेत. साहेबांनी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "सरनं. पन आधी सरनं फुली मारली होती." मग सगळे जेवायला बसले. गणपतरावही. त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

"काम राहिली तिची," सर म्हणाले. "पक्की राहिली."

मी विचारलं, "तिला कळलं का, अर्ज कोणी लिहिला होता?"

"साहेबांनी वाचून दाखवली ना. शेवटी तुझी नाव होती."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, अक्षर चांगली आहे पोराची." सर हसले. बस लागली होती. ते पिशवी उचलून दारापर्यंत गेले आणि पायरीवरून वळले. "अरे, एक निरोप आहे. कौसाबाई भिंतीवर कोळशाने मिठाची रेघ काढून ठेवली आहे. रोज ठिपका देते. म्हणते, मिठाची रेघ सरळ जात नाही. डबे वाढले की वाकते. दुप्पट भाताला दुप्पट मीठ टाकली तर खारट होते. काऊन, ते मास्तरला विचारून या म्हणाली."

मी दांडा धरून खाली उभा होतो. म्हणालो, "सर, मला माहीत नाही."

"तेही तिला माहीत होती," सर म्हणाले. बस हलली, म्हणून त्यांना ओरडून सांगावं लागलं, आणि या एका वेळी त्यांनी तिचंच वाक्य जसंच्या तसं सांगितलं:

"मास्तरलेबी माईत नसंन, तं मंग चूक माही नाई म्हना. मिठाची हाय!"